एका कॉम्प्युटरची नावदुरुस्ती

एका खोलीत एकाच नावाचे दोन जण असले म्हणजे काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. बत्तीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे काढली आहेत. एकाच नावाचे, एकाच तारखेला जन्मलेले दोन इसम मी पाहिलेत. त्यातला एक मयत झाल्यावर दुसरा, आपण जिवंत असल्याचा दाखला मागायला माझ्याच खिडकीशी आला, हेही पाहिलंय. (मी तो दिला नाही. जिवंत असल्याचा दाखला आमच्याकडे मिळत नाही.) तेव्हा आमच्या वाचनालयातले दोन्ही कॉम्प्युटर एकाच नावाचे आहेत हे कळलं, तेव्हा मी हातातला चहाचा कप आधी खाली ठेवला.

वाचनालय म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि देवघेवीचं टेबल, आतल्या खोलीत कपाटं. छपराच्या गळतीमुळे वर्षभर बंद होतं, आता शनिवारी पुन्हा उघडायचं होतं. मी निवृत्त झाल्यापासून त्याचा मानद चिटणीस आहे. मानद म्हणजे कामं सगळी करायची आणि मान मात्र अध्यक्षांना द्यायचा. माझी बायको तिथली ग्रंथपाल आहे, तीही मानदच. गेले चार महिने ती आतल्या खोलीत बसून जुन्या कार्डांवरून एकेक पुस्तक कॉम्प्युटरवर चढवत होती. तीन हजार चारशे बारा पुस्तकं. नाव, लेखक, प्रकाशक, कपाट, फळी. तिच्या मानेला पट्टा लागला होता आणि जेवताना ती माझ्याशी बोलता बोलता मधेच "कपाट सात, फळी दोन" असं म्हणायला लागली होती.

दोन्ही कॉम्प्युटर माझ्या मेहुण्याने लावून दिले होते. दूरच्या शहरात तो कॉम्प्युटरचीच नोकरी करतो. जुनी, कुणी टाकून दिलेली यंत्रं आणून त्याने त्यांच्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. लिनक्स फुकट असतं, आणि फुकट म्हटल्यावर आमच्या कमिटीने ते एकमताने मंजूर केलं. आधी त्याने आतलं यंत्र तयार केलं, त्याचं नाव ठेवलं 'टेस्ट', आणि मग त्याची जशीच्या तशी नक्कल बाहेरच्या यंत्रात उतरवली. नावासकट! आता बाहेरच्या टेबलावरून आतल्या यंत्रातली यादी बघायची, तर बाहेरचं यंत्र 'टेस्ट'ला हाक मारायचं आणि स्वतःच "ओ" द्यायचं. आत कुणी आहे याचा त्याला पत्ताच नाही.

"दोन मिनिटांचं काम आहे, भाऊजी," मेहुणा फोनवर म्हणाला. "आतल्याचं नाव बदला. एका ओळीची आज्ञा आहे, मी लिहून पाठवतो. मग होस्ट्स नावाची एक फाइल आहे, तिच्यात जिथे टेस्ट असेल तिथे नवीन नाव टाका. बाकी कशाला हात लावू नका."

शेवटचं वाक्य मला लागलं. ज्या माणसाने बत्तीस वर्षांत काही हजार नावं दुरुस्त केली, त्याला हा कालचा पोरगा सांगतो, बाकी कशाला हात लावू नका! पण बायकोचा भाऊ आहे. गिळलं.

आता नाव बदलायचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला असं नसतं. यंत्र वाचनालयाचं, म्हणजे नाव कमिटीने ठरवायला हवं. बायको म्हणाली, "अहो, ठेवा ना काहीतरी. मी माझ्या सुईच्या डबीला कमिटीला विचारून नाव ठेवते का?" मी तिला शांतपणे समजावलं की नोंद एकदा झाली की ती पुसायला जन्म जातो. आणि सभा बोलावली.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. दवाखान्यात समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणारे फक्त हे, अशी त्यांना तीस वर्षांची सवय आहे, आणि सभेतही ते तेच करतात. आतली खोली त्यांच्या वडिलांच्या देणगीतून बांधलेली. दारावर पाटी आहे. त्यामुळे आतल्या यंत्राला वडिलांचं नाव, पदव्यांसह, आणि पुढे 'स्मृतिकक्ष' असं लागलंच पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. मी मेहुण्याला सभेतूनच फोन लावला. नाव इंग्रजी अक्षरांत लागतं, मधे जागा सोडून चालत नाही आणि चौसष्टच्या वर अक्षरं चालत नाहीत, असं तो म्हणाला. डॉक्टरांच्या वडिलांची अक्षरं एकाहत्तर भरली.

"माझ्या वडिलांच्या नावाला मर्यादा घालणारा हा कोण?" डॉक्टर गरजले.

"लिनक्स," मी म्हणालो.

"त्याला सभेला बोलवा."

पुढचा पाऊण तास वडिलांची कोणती पदवी गाळायची यावर चर्चा झाली. डॉक्टरांना एकही गाळवेना, आणि सभासदांना घरी जायचं होतं. शेवटी कोपऱ्यात कार्डं लावत बसलेली माझी बायको मान वर न करता म्हणाली, "आपण सगळे त्याला आतली खोली म्हणतो ना? मग आतली-खोली ठेवा. मधे एक आडवी रेघ द्या." ठराव मंजूर झाला. डॉक्टरांच्या समाधानासाठी वडिलांचं पूर्ण नाव, पदव्यांसह, कागदाच्या पट्टीवर लिहून यंत्राच्या पडद्याखाली चिकटवायचं ठरलं. ती पट्टी पडद्यापेक्षा लांब झाली, म्हणून दोन्ही बाजूंना दुमडून मागे नेली आहे.

इथेच मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आमच्या वरच्या मजल्यावर पूलवाले राहतात. ते पूल बांधणारे इंजिनिअर. इंजिनिअर म्हटलं की माणसाला प्रत्येक गोष्टीत मत असावं लागतं, आणि पूलवाल्यांचं ते जिन्यातच असतं. मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होतो आणि त्यांनी मला पहिल्या मजल्यावर गाठलं.

"नुसतं नाव ठेवलंत? आडनाव?"

"कॉम्प्युटरला आडनाव?"

"डोमेन, साहेब, डोमेन! नुसतं आतली-खोली म्हणजे कुणाची आतली खोली? माझ्याही घरात आतली खोली आहे. डोमेन लावल्याशिवाय पूर्ण नाव होत नाही. आणि ते रजिस्टर करावं लागतं. नाही केलंत तर उद्या दुसरा कुणी उचलेल, मग बसा."

आता मला सांगा, आडनावाशिवाय नोंद! माझ्या हातून! पूलवाल्यांनी नेमकी दुखरी नस दाबली होती. पिशवी तशीच दारात ठेवून मी डोमेन देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज इतका गोड होता की तिला कशाचीच माहिती नसणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. वाचनालयाच्या नावाने डोमेन हवं तर संस्थेचं नोंदणीपत्र, अध्यक्षांची सही आणि जागेचा पुरावा पाठवा, म्हणाली. नोंदणीपत्र माजी अध्यक्षांकडे होतं, आणि माजी अध्यक्ष रागावून माजी झालेले. दोनदा त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि कागद दिला नाही. दुसऱ्यांदा कागद दिला, पण आपल्याला का काढलं हे दीड तास सांगून. जागेचा पुरावा म्हणून विजेचं बिल पाठवलं. ते अजून त्या जागेत पूर्वी असलेल्या शिंप्याच्या नावावर येतं. शिंपी वारून अकरा वर्षं झाली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'अर्जातील नाव व पुराव्यातील नाव जुळत नसल्याने अर्ज परत करण्यात येत आहे.'

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. ही वाक्यरचना माझी आहे हो! हेच वाक्य मी माझ्या हाताने किती लोकांना दिलंय त्याची गणती नाही. खिडकीच्या पलीकडे उभं राहून ते वाचताना कसं वाटतं याची मला काही कल्पना नव्हती. फार वाईट वाटतं.

मेहुण्याला कळवलं. तो म्हणाला, "भाऊजी, विकत कशाला घेताय? दोन खोल्यांतली यंत्रं आपापसात बोलणार. बाहेरचं कोण ऐकतंय? मागे 'वाचनालय डॉट इंटर्नल' लावा, ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेलं असतं, आणि मोकळे व्हा." मग थांबून म्हणाला, "आणि बाकी कशाला..."

"हात लावत नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बुधवारी दुपारी बायको घरी कणीक मळत असताना मी एकटा वाचनालयात गेलो. चष्मा पुसला. मेहुण्याने पाठवलेली आज्ञा एकेक अक्षर बघून टाइप केली. यंत्राने हूं की चूं केलं नाही. लिनक्सचा हा स्वभाव मला आवडला. काम झालं की गप्प बसतं, आमच्या खात्यातल्या शिपायासारखं पेढ्यांसाठी उभं राहत नाही. मग ती होस्ट्स फाइल उघडली.

वर दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत 'टेस्ट' होतं. ते खोडून मी 'आतली-खोली डॉट वाचनालय डॉट इंटर्नल' आणि त्यापुढे घरगुती नाव 'आतली-खोली' असं नीट लिहिलं. पूर्ण नाव आणि हाक मारायचं नाव, दोन्ही. डोळ्यांना बरं वाटलं. तेवढ्यात माझं लक्ष पहिल्या ओळीकडे गेलं.

तिथे कुणी 'लोकलहोस्ट' नावाचा बसला होता.

हा कोण? ठराव झाला नाही, अर्ज नाही, पुरावा नाही, आणि आमच्या यंत्राच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर! मी बाहेरच्या यंत्राची तीच फाइल उघडून पाहिली. तिथेही लोकलहोस्ट! दोन्हीकडे एकच नाव! ज्या गोंधळामागे मी आठवडाभर ऊर फुटेस्तोवर धावलो, त्याचं मूळ इथे आरामात बसलं होतं आणि मेहुण्याला त्याचा पत्ताही नव्हता. एका इसमाची एक नोंद, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. आतल्या यंत्रातली ती ओळ मी पूर्ण काढून टाकली. मेहुण्याने हात लावू नका म्हटल्याचं आठवलं, आणि खरं सांगतो, ते आठवून हात जरा जास्तच जोरात चालला. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी बायको उरलेली सात पुस्तकं चढवायला वाचनालयात गेली. दहा मिनिटांत तिचा फोन आला. आवाज असा होता की मी चपला उलट्या घालून धावलो.

पडद्यावर तिची यादी नव्हती. यादीच्या जागी एक करडी चौकट होती, आणि तिच्यात लिहिलं होतं की डेटाबेस सापडत नाही. प्रिंटरही सापडत नाही म्हणत होतं. बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"माझ्याकडूनच झालं," ती म्हणाली. "काल जाताना घरी दूध तापत ठेवलं होतं म्हणून घाई केली. नीट बंद न करता बटण दाबलं. तो सांगत होता, ताई, असं बटण दाबून बंद करू नकोस म्हणून."

"तसं काही नसेल," मी म्हणालो.

"तुम्ही दुपारी नाव बदललंत, त्याचा काही संबंध?"

"छे! नावाचा आणि पोटातल्या पुस्तकांचा काय संबंध? माणसाने नाव बदललं म्हणून त्याचं मूत्रपिंड जातं का?"

आणि देवाशपथ, तेव्हा मला तसंच वाटत होतं.

"जपून ठेवलेली नक्कल आहे ना पण?" तिने विचारलं. नक्कल माझ्याकडे होती. दर आठवड्याला काढायचं काम चिटणिसांचं. मी ती एकदा काढली होती, फेब्रुवारीत. तिच्यात एकशे चार पुस्तकं होती.

भावाला फोन करते, ती म्हणाली. मी म्हटलं, थांब, तो कामात असेल, आपण इथेच बघू. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. मी आमच्या इमारतीत जाऊन पूलवाल्यांना घेऊन आलो. म्हणजे आगीतून फुफाट्यात. पूलवाल्यांनी पडद्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, यंत्राला बाजूने दोनदा थोपटलं, आणि म्हणाले, "नाव मानवलं नाही. जुनं परत द्या." मी जुनं परत दिलं. मग यंत्र प्रत्येक आज्ञेला मिनिटभर विचार करायला लागलं आणि वर सांगायला लागलं की टेस्ट नावाचं इथे कुणी सापडत नाही. बरोबरच होतं, फाइलमधून मीच त्याला खोडला होता. पूलवाले म्हणाले, "पाया खचलाय," आणि जेवायला गेले. मी नवं नाव पुन्हा लावलं. करडी चौकट जागची हलली नाही.

गुरुवारी सकाळी बायकोने कार्डांची पहिली पेटी उघडली आणि बाहेरच्या यंत्रावर, साध्या तक्त्यात, पहिल्या कार्डापासून पुन्हा टाइप करायला बसली. "शनिवारपर्यंत निदान दोन कपाटं तरी होतील," म्हणाली. तीन हजार चारशे बारा, आणि हातात दोन दिवस! रडली नाही. मधे मधे नाकाने आवाज करत होती आणि सर्दी झालीय म्हणत होती. मी शेजारी खुर्ची ओढून तिला कार्डं वाचून दाखवायला लागलो. आपण मदत करतोय, असं वाटून मला बरंही वाटत होतं.

वीस-बावीस कार्डं झाली असतील. एक पातळसं पुस्तक आलं, कुणा निवृत्त पोस्टमास्तरांच्या आठवणी, पदरचे पैसे घालून छापलेल्या.

"प्रकाशकाच्या रकान्यात 'स्वतः' लिहिलंय," बायको म्हणाली. "हे काय नाव झालं? काढून टाकू?"

"अगं नाही," मी सवयीने म्हणालो. "कळत नाही म्हणून नोंद खोडायची नसते. कुणीतरी काहीतरी कारणाने ती केलेली असते."

बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं. लोकलहोस्ट! मी कुणाला विचारलं होतं? नोटीस दिली होती? चौकशी केली होती? खिडकीवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला निलंबित करा म्हणून वर लिहिलं असतं. तोंड उघडावं आणि सांगून टाकावं असं वाटलं. पण आधी खात्री करू, म्हटलं. मग वाटलं, आधी दुरुस्त करू, म्हणजे सांगताना हातात काहीतरी असेल. मग तिने "पुढचं?" असं विचारलं, आणि मी पुढचं कार्ड वाचलं. त्यानंतरचंही वाचलं. दिवसभर वाचली.

शुक्रवारी सकाळी बायको पुढे गेल्यावर मी मेहुण्याला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही, ते जास्त लागलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "लोकलहोस्ट हे कुणाचं नाव नाही. प्रत्येक यंत्र स्वतःला ज्या शब्दाने हाक मारतं तो शब्द आहे तो. आपण 'मी' म्हणतो ना, तसं. तुमचं 'मी' आणि माझं 'मी' सारखंच असतं, म्हणून काय त्यातलं एक खोडायचं? ताईची यादी तिथेच आहे. यादीचा प्रोग्राम लोकलहोस्टला शोधतोय आणि तुम्ही त्याला घराबाहेर काढलंय. ती ओळ परत टाका."

"यादी आहे?"

"सगळी आहे. एक अक्षर गेलेलं नाही."

मी वाचनालयात गेलो. बायको बाहेर टाइप करत होती. आत जाऊन ती एक ओळ परत लिहिली, यंत्र पुन्हा चालू केलं, आणि पडद्यावर यादी आली. तीन हजार चारशे पाच पुस्तकं, सात बाकी. मी तिला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसली.

"तुम्ही केलंत?"

"हं. एक किरकोळ दोष होता," मी म्हणालो. "काढला."

सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की तशी नजर आमच्या घरात शेवटची कधी पाहिली ते मला आठवेना. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळपर्यंत तिने पूलवाल्यांना, त्यांच्या बायकोला, वर्तमानपत्रवाल्याला आणि डॉक्टरांना सांगून झालं होतं की माझ्या चुकीने सगळं गेलं होतं आणि ह्यांनी ते परत आणलं. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं. पूलवाले जिन्यात भेटले तर म्हणाले, "पाया भक्कम केलात!"

शनिवारी चाळीसेक माणसं जमली. बायकोने नव्या साडीची घडी मोडली होती, मानेचा पट्टा काढून ठेवला होता. डॉक्टरांनी भाषण केलं. वडिलांच्या सगळ्या पदव्या झाल्या. मग ते माझ्याकडे वळले. चिटणीस नसते तर आज आपण रिकाम्या पडद्यासमोर उभे असतो, म्हणाले. टाळ्या वाजल्या. बायकोच्या सगळ्यात जोरात. मी जमिनीकडे बघत होतो, लोकांना तो विनय वाटला.

"या प्रसंगातून आपण शिकलं पाहिजे," डॉक्टर पुढे म्हणाले. "वहिनींनी कष्ट केले, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्र नाजूक असतं. चुकीचं बटण एकदा दाबलं गेलं, पुन्हा दाबलं जाऊ शकतं. तेव्हा मी असं सुचवतो की यापुढे कॉम्प्युटर आणि देवघेवीचं टेबल चिटणिसांनी सांभाळावं. वहिनींनी आत बसून पुस्तकांना कव्हरं घालावीत. सर्वांना मान्य?"

मी बायकोकडे पाहिलं. आता ती उसळेल, असं मला वाटलं. ती उसळली नाही. ती मान हलवत होती. "बरोबर आहे," ती शेजारच्या बाईंना हळूच म्हणत होती, "मला पण आता भीतीच वाटते त्याला हात लावायची."

चार महिने त्या खुर्चीत बसून मान मोडून घेतलेली बाई!

"मान्य नाही," मी म्हणालो. म्हणजे ओरडलोच असणार, कारण मागच्या बाकावरचे एक आजोबा जागे झाले. "बटणाचा काही संबंध नाही. तिने काहीही केलेलं नाही. मी एक ओळ खोडली. मला ती कळली नाही, म्हणून खोडली. तिच्या भावाने बजावलं होतं तरी खोडली. आणि परत लिहिली ती त्याने सांगितलं म्हणून. मी काहीही वाचवलेलं नाही."

 डॉक्टरांना काय करावं ते सुचेना. तोंड उघडून समोरचाच बोलतोय, हा त्यांना नवीन अनुभव होता. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे मग... ठराव मागे घ्यायचा?"

"घ्या," बायको म्हणाली. ती उठली, टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसली, कीबोर्ड पुढे ओढला आणि रांगेतल्या पहिल्या बाईंना म्हणाली, "बोला, कोणतं पुस्तक?" बाईंनी नाव सांगितलं. तिने दोन बोटांनी टाइप केलं. आतल्या खोलीने "ओ" दिली. "कपाट चार, फळी एक," ती म्हणाली, आणि पुढच्यांकडे वळली. माझ्याकडे तिने दोन तास पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलून ठेवत होतो. ती यंत्रावर कापड घालत होती.

"चुकलात त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "माणूस चुकतो. पण गुरुवारी मी एकशे सत्त्याऐंशी कार्डं टाइप केली. तुम्ही शेजारी बसून वाचत होतात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"खात्री नव्हती," मी म्हणालो. "शंका आली होती."

"कितव्या कार्डापासून?"

खोटं बोलता आलं असतं. पण आकडा विचारला की मला खरा सांगितल्याशिवाय राहवत नाही, जन्माची खोड आहे.

"तेविसाव्या."

तिचे ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती.

"म्हणजे एकशे चौसष्ट," ती म्हणाली. मग तिने खालचं कपाट उघडलं, कव्हरांच्या खाकी कागदांचा गठ्ठा, कात्री आणि डिंकाची बाटली काढली आणि आतल्या खोलीतल्या टेबलावर माझ्यासाठी मांडून ठेवली.

एकशे चौसष्टांपैकी आज माझं एकोणसाठावं पुस्तक चालू आहे. तसा आकडा बासष्ट असायला हवा होता, पण कोपरे नीट दुमडलेले नाहीत म्हणून तिने तीन परत केली आहेत.